पाटीतले मासे आणि पुस्तकातले मासे

(द्वितीय वर्ष, कला)

प्रथमच सांगून टाकते, मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. शास्त्राशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला. तेव्हा महाविद्यालयाच्या वार्षिकात मी माशांच्या वर्गीकरणावर लेख लिहावा, याचे माझ्या मैत्रिणींना नवल वाटेल. त्याला कारण घडले ते असे.

आमचे घर दौंड तालुक्यात, भीमेच्या काठी. आम्ही भोई. वडील जाळे टाकतात आणि आई पाटी घेऊन दौंडच्या बाजारात बसते. मी शिक्षणासाठी शिरूरला मामाकडे राहते. मामाही घोड नदीवर आणि चिंचणीच्या धरणावर मासे धरतो. आमच्या दोन्हीकडच्या घरांत महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली. गेल्या वर्षी प्रवेशाचा अर्ज भरताना ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘शेती’ असे लिहिले होते. आम्हाला शेत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आईला ताप आला आणि तिच्या जागी मी बाजारात बसले. दुपारच्या सुमारास एक गृहस्थ समोर उभे राहिले. मान वर करून पाहते तर आपल्याच महाविद्यालयातले प्राणिशास्त्राचे सर! मी ओढणी डोक्यावर ओढली, पण त्यांनी ओळखले होते. ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. पाटीत वाकून पाहत त्यांनी विचारले, “यातला काटेरी पराचा मासा कोणता, सांग बरं.”

मी झटकन शिंगट्यावर बोट ठेवले. लहानपणी शिंगट्याचा काटा माझ्या अंगठ्यात रुतला होता आणि रात्रभर मी रडले होते. सर म्हणाले, “चुकलीस. हा नव्हे. ही मरळ.”

“सर, मरळीला काटा कुठे आहे?”

“तोच तर प्रश्न आहे. सुट्टी संपल्यावर ग्रंथालयात ये.” एवढे बोलून त्यांनी अर्धा किलो मरळ घेतली आणि ते निघून गेले.

ज्याला काटा आहे तो काटेरी नव्हे आणि जिला काटा नाही ती काटेरी! हे कोडे सोडविण्यात माझे पुढचे तीन महिने गेले. त्यातून जे हाती लागले, ते या लेखात माझ्यासारख्यांना समजेल अशा भाषेत मांडते. चूकभूल द्यावी घ्यावी.

काटा म्हणजे काय?

माशांचे ढोबळ दोन प्रकार. शार्क म्हणजे मुशी, पाकट यांचा सांगाडा कुर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या पाळीसारखा लवचीक असतो. बाकी बहुतेक सगळ्या माशांचा सांगाडा हाडांचा; त्यांना अस्थिमत्स्य म्हणतात. या अस्थिमत्स्यांत एक फार मोठा गट आहे, ज्याला शास्त्रात ‘ॲकँथोप्टेरिजाय’ असे नाव आहे. ग्रीक भाषेत ‘अकांथा’ म्हणजे काटा आणि ‘प्टेरिक्स’ म्हणजे पंख किंवा पर. आपल्याकडे पुस्तकांतून त्यांना कंटकपक्ष मासे म्हणतात. हा शब्द वाचला की डोळ्यांसमोर पाखरू येते, म्हणून मी त्यांना सरळ ‘काटेपरे’ म्हणणार आहे. जगात आज माशांच्या पस्तीस हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या काटेपऱ्यांत मोडतात. समुद्रातले पापलेट, बांगडा, सुरमई हे सर्व काटेपरेच.

आता कोड्याचा पहिला अर्धा भाग. रोहूचा पर पाण्यात उलगडून उजेडासमोर धरला, तर त्यात काड्या दिसतात. ही प्रत्येक काडी दोन अर्ध्या काड्या जुळून झालेली असते, तिला उसासारखी पेरे असतात आणि टोकाला ती झाडूसारखी फुटते. म्हणून ती लवते. याला मऊ काडी म्हणू. खरा काटा याहून वेगळा. तो बाभळीच्या काट्यासारखा एकसंध असतो. त्याला पेरे नाहीत, फांद्या नाहीत, दोन अर्धुके नाहीत. चिलापीच्या पाठीवरच्या पराचा पुढचा भाग अशा खऱ्या काट्यांचा असतो आणि मागचा भाग मऊ काड्यांचा.

मग शिंगट्याचा काटा? तो मुळात मऊ काडीच आहे. तिची पेरे एकमेकांत मिसळून, कठीण होऊन तिचा भाला झाला आहे. वाळलेल्या उसाने मारले तरी लागते, म्हणून ऊस काही बाभूळ होत नाही! शिंगट्याच्या शरीरात आणखीही एक खूण आहे. त्याच्या वाताशयापासून, म्हणजे पोटातल्या हवेच्या फुग्यापासून, कानापर्यंत बारीक हाडांची एक साखळी जाते आणि तिच्यामुळे त्याला पाण्यातला आवाज चांगला कळतो. अशीच साखळी रोहू, कटला, मृगल यांनाही असते. काटेपऱ्यांत ती नसते. म्हणजे मिशा, काटा आणि बिनखवल्यांचे अंग घेऊन फिरणारा शिंगटा हा नात्याने रोहूचा चुलत भाऊ ठरतो.

पुस्तकातली भांडणे

काट्यावरून माशांचे वर्ग पाडण्याची पद्धत बरीच जुनी आहे. पीटर आर्टेडी नावाच्या स्वीडिश अभ्यासकाने मऊपरे आणि काटेपरे असे दोन वेगळे वर्ग मांडले. हा आर्टेडी १७३५ साली ॲमस्टरडॅमच्या कालव्यात बुडून मेला. तेव्हा त्याचे वय अवघे तीस वर्षांचे होते. आयुष्यभर माशांचा अभ्यास करणाऱ्याला पाण्यातच मरण यावे, हा दैवदुर्विलास वाचून मन हळहळते. त्याचा मित्र लिनियस याने त्याची हस्तलिखिते मिळवून १७३८ मध्ये छापली.

गंमत अशी की, याच लिनियसने १७५८ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात मित्राचा काटा बाजूला ठेवला आणि वेगळीच खूण धरली. माशाच्या खालच्या अंगाला परांची एक जोडी असते, तिला श्रोणिपर म्हणतात. ही जोडी नाहीच, गळ्याशी आहे, छातीखाली आहे की पोटावर मागे आहे, यावरून त्याने चार वर्ग केले. पुढे फ्रान्समध्ये कुव्हिए याने १८१७ मध्ये पुन्हा काट्याला मान दिला. त्याने आणि त्याचा शिष्य व्हॅलेन्सिएन याने १८२८ पासून माशांवरचा ग्रंथ काढायला घेतला. तो बावीस खंडांचा झाला आणि १८४९ पर्यंत चालला.

खरे पाहता दोघांचेही काही अंशी बरोबर होते. काटेपऱ्यांत बहुधा श्रोणिपर पुढे, छातीखाली सरकलेले असतात. रोहूचे श्रोणिपर पोटावर मागे असतात. तसेच रोहूच्या वाताशयातून अन्ननलिकेकडे एक नळी जाते. मोठ्या काटेपऱ्यांत ती बंद झालेली असते. म्हणजे एकट्या काट्यावर सगळा भार न टाकता चार-पाच खुणा एकत्र पाहिल्या पाहिजेत. मरळीच्या परांत खरा काटा उरलेला नाही, पण तिच्या बाकीच्या खुणा आणि तिचे सगेसोयरे पाहिले की ती काटेपऱ्यांच्या घरचीच ठरते. काटे तिने वाटेत गमावले, एवढेच. माझ्या कोड्याचा दुसरा अर्धा भाग असा सुटला.

आईची परीक्षा

शिमग्याला घरी गेले तेव्हा हे सगळे मी आईला सांगितले. ती मासे साफ करीत होती. ऐकून घेतले आणि म्हणाली, “एवढं वाचायला कशाला पायजे? एका काट्याचं मासं येगळं आन् लई काट्याचं येगळं.”

मी तशीच बसून राहिले. आई गिऱ्हाइकाला मासा देताना नेहमी विचारते, “घरात ल्हान पोरं हायेत का?” असतील तर ती मरळ, वाम किंवा चिलापी देते, रोहू, कटला देत नाही. रोहूच्या मांसात मणक्याच्या हाडांखेरीज इंग्रजी वाय अक्षरासारखी बारीक हाडे विखुरलेली असतात. ती घशात अडकतात. काटेपऱ्यांपैकी बहुतेकांत ही बारीक हाडे नसतात. मधला एक काटा ओढून काढला की काम झाले. म्हणजे ज्याच्या पाठीवर काटे, त्याच्या पोटात काटे कमी. आणि जो बाहेरून मऊ, तो आतून काटेरी! आईची ही परीक्षा मरळीच्या बाबतीत तर परावरच्या काट्यापेक्षा अचूक निघाली. परावर काटा नसूनही आईने तिला योग्य घरात घातले होते.

अर्थात आईची परीक्षाही एका ठिकाणी फसते. शिंगट्याच्या मांसातही बारीक हाडांचा त्रास नसतो, म्हणून आईच्या हिशेबी तोही मरळीच्या बाजूला जातो. मी हे दाखवून दिले तेव्हा ती म्हणाली, “त्याला खवलं कुठं हायेत? तो तिसराच.” शास्त्रज्ञांचेही नेमके हेच म्हणणे आहे, की एक खूण फसली की दुसरी पाहावी.

दोनशे वर्षांपूर्वीची यादी

ग्रंथालयात सरांनी मला आणखी एक गोष्ट दाखविली. कंपनी सरकारच्या मुंबई लष्करातला विल्यम हेन्री साइक्स नावाचा अधिकारी १८२४ पासून काही वर्षे दख्खनभर फिरून या मुलखाची माहिती गोळा करीत होता. पिके, माणसे, पाखरे यांच्याबरोबर त्याने नद्यांतले मासेही टिपले. दख्खनच्या माशांवरचा त्याचा लेख लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने १८३९ मध्ये छापला. त्यात चाळीसहून अधिक माशांची वर्णने आहेत. भीमा, मुळा-मुठा या आपल्याच नद्यांची नावे त्या इंग्रजी लेखात वाचताना अंगावर काटा आला.

साइक्सने कुव्हिएची पद्धत धरून काटेपऱ्यांत आपल्याकडचे चंदा, मरळ, वाम आणि खरपा हे मासे घातले. वामीला आमच्याकडे वांबटही म्हणतात. ती सापासारखी लांब. पाठीवर सुट्या सुट्या आखूड काट्यांची रांग असते, मोठ्या वामीत तीसहून अधिक. श्रोणिपर तिला नसतातच. कुव्हिएने या सुट्या काट्यांवरून वामीला चक्क बांगड्याच्या कुटुंबात बसविले होते. खरपा वाळूवर पोट टेकून बसणारा. त्याच्या पाठीवर दोन पर, पुढच्यात सहा काटे. आणि खालचे श्रोणिपर एकमेकांना जुळून त्यांची वाटी झालेली असते. चंदा बोटाएवढा आणि काचेसारखा. अंगातून आरपार काटे दिसतात. दिसायला गरीब, पण हा दुसऱ्या माशांची खवले ओरबाडून खातो.

साइक्सची एक रीत मला फार आवडली. नव्या जातींना नाव देताना त्याने पुष्कळदा इथल्या लोकांच्या तोंडचेच नाव ठेवले. खरप्याला त्याने ‘गोबियस कुरपाह’ म्हटले, तर दुसऱ्या एका माशाला ‘कोलुस’. मी हे आईला वाचून दाखविले. ती खळखळून हसली. “आगं, खरपा हाय तो. सायबाला बोलाया आलं नसंल. आन् तो कोळस.”

मग थोडा वेळ थांबून तिने विचारले, “त्याला नावं कुणी सांगितली?”

“नदीकाठच्या कुणीतरी सांगितली असतील. भोई नाहीतर कोळी.”

“त्याचं नाव लिवलंय का?”

लिहिलेले नाही. माशाचे नाव लंडनला जाऊन लॅटिनमध्ये अमर झाले; ते सांगणारा आमचा माणूस काठावरच राहिला. खरप्याचे शास्त्रीय नाव पुढे बदलले, कारण हॅमिल्टन नावाच्या दुसऱ्या अभ्यासकाने १८२२ मध्येच त्याला गंगेच्या मुलखात नाव दिले होते आणि आधीचे नाव टिकते असा नियम आहे. तरी जुन्या नावांच्या याद्यांत ‘कुरपाह’ अजून आहे.

आता काय म्हणतात?

अलीकडच्या काळात माशांचे नाते ठरविताना काटे, पर, हाडे यांच्या जोडीला पेशींतला डीएनए पाहतात. २०१२ आणि २०१३ या वर्षांत या पद्धतीने केलेली मोठी कामे प्रसिद्ध झाली आणि काटेपऱ्यांचे जुने घर पुष्कळ ठिकाणी मोडून नव्याने बांधावे लागले. त्यातून निघालेले नाते वाचून मी थक्क झाले.

वाम बांगड्याची कुणी नव्हे. ती मरळीच्या शाखेतली आहे. एक सापासारखी, चिखल-वाळूत तोंड खुपसणारी. दुसरी जाडजूड, पाण्यावर येऊन हवा गिळणारी. दिसण्यात काही साम्य नाही, पण मूळ एक. काचेसारखा चंदा आणि थोराड चिलापी हे दुसऱ्या एका शाखेवर जवळ येतात. खरपा या सर्वांपासून बराच आधी फुटलेल्या शाखेवर बसतो. आईच्या एका पाटीत काटेपऱ्यांच्या तीन वेगवेगळ्या शाखा शेजारी शेजारी पडलेल्या असतात.

चिलापी

साइक्सच्या यादीत एक मासा नाही, आणि तो असणे शक्यही नव्हते. तो म्हणजे चिलापी. ही मूळची आफ्रिकेतली. भारतात ती १९५२ मध्ये आणली गेली. तिची मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे ती झपाट्याने वाढते. ओळखायची खूण अशी की, पाठीवर पंधरा-सोळा खरे काटे आणि अंगावरची आडवी रेघ सलग नसते, मधेच तुटून खालून पुन्हा सुरू होते.

१९८० मध्ये उजनीचे धरण पुरे झाले आणि भीमेचे वाहते पाणी आमच्या तालुक्यापर्यंत तुंबले. वाहत्या पाण्यातल्या कित्येक माशांना हे साचलेले पाणी मानवत नाही, चिलापीला मानवते. वरून पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येते, तेही ती सोसते. आज वडिलांच्या जाळ्यात दहांतले सात-आठ मासे चिलापीचे असतात. पुस्तके वाचून आल्यावर मी चिलापीला नावे ठेवू लागले, तेव्हा वडील शांतपणे म्हणाले, “तुझी फी कशावर भरली?” माझी फी चिलापीवरच भरली आहे. शिरूरच्या एसटीचा पासही तिच्यावरच निघतो. तेव्हा तिला शत्रू म्हणणे मला जमणार नाही. पण तिच्यामागे जे चालले आहे ते न पाहणेही जमणार नाही.

म्हणून मी आईला माशांची नावे सांगायला बसविले. दोन संध्याकाळी मिळून तिने एकतीस नावे सांगितली. काही नावांबरोबर ती हात करून लांबी दाखवी, काहींबरोबर कोणत्या नक्षत्रात तो चढतो ते सांगे. मग तीच यादी मी नववीतल्या धाकट्या भावाला विचारली. त्याला नऊ नावे ठाऊक होती. एकतिसांपैकी चार मासे आईनेच कित्येक वर्षांत पाहिलेले नाहीत. वर्गीकरण करायला आधी मासा लागतो आणि माशाचे नाव लागते. नाव सांगणारे माणूस गेले की शास्त्रज्ञाच्या हातात नुसता बाटलीतला मासा राहतो.

आणखी एक विचार मनात आला, तो लिहून थांबते. माशांचे वर्गीकरण शेवटी वंशावरून होते. कोण कुणापासून जन्मले यावर त्यांची जात ठरते. माशांच्या बाबतीत ते ठीकच आहे, कारण त्यात कुणी वरचा नाही की कुणी खालचा नाही. मरळ वामीपेक्षा श्रेष्ठ आहे असे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले मला आढळले नाही. आपण माणसांनी मात्र जन्मावरून जाती पाडल्या आणि त्यांची उतरंड रचली. हे शास्त्र माशांकडून शिकलेले नाही, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

आता वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी बाजारात गेलात तर मासा उलटा करून त्याच्या खालच्या परांची जोडी कुठे आहे ते पाहा. छातीखाली असेल तर बहुधा काटेपरा, पोटावर मागे असेल तर रोहूच्या बाजूचा. शंका आली तर विकणाऱ्या बाईला विचारा. तिला ठाऊक असते.

आईने सांगितलेली एकतीस नावांची वही मी सरांना नेऊन दाखविली. पहिल्या पानावर आईचे नाव आहे. ते मी घातले. यंदाच्या प्रवेश अर्जावर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘मासेमारी’ असे लिहिले आहे. आईसाठी रकाना नव्हता, म्हणून त्याच ओळीत पुढे जागा काढून लिहिले: ‘आई – मासेविक्री’.